भरती नसलेल्या समुद्राचे खलाशी

वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात भूमध्य समुद्रावरच्या ग्रीक-रोमन व्यापाराविषयी लेख छापला आणि प्रश्नांचा ढीग आला. बहुतेक पत्रं मुंबई आणि आसपासच्या किनाऱ्यावरची आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. ज्यांना एका ओळीत उत्तर देता आलं त्यांना तेवढंच दिलं आहे.

प्रश्न (वर्सोवा): पावसाळ्यात आमच्या बोटी दोन महिने किनाऱ्याला लागलेल्या असतात. ग्रीक-रोमन लोकांचा समुद्रही कधी बंद असायचा का?

असायचा, पण हंगाम आपल्या उलटा. भूमध्य समुद्रावर उन्हाळा कोरडा आणि निरभ्र; वादळं, पाऊस, धुकं सगळं हिवाळ्यात. रोमन साम्राज्याच्या उतरत्या काळात युद्धशास्त्रावर लिहिणारा वेगेटियस तारखाच देतो: २७ मे ते १४ सप्टेंबर बेलाशक निघा, त्यानंतर ११ नोव्हेंबरपर्यंत जपून, आणि ११ नोव्हेंबर ते १० मार्च समुद्र बंद. कारणं सांगताना तो वाऱ्याइतकाच भर अंधारावर देतो. दिवस लहान, रात्र मोठी, वर ढगांचं छप्पर. होकायंत्र नव्हतंच. दिवसा डोंगर आणि भूशिरं, रात्री तारे, एवढाच आधार. तो दिसेनासा झाला की मजबूत गलबतही आंधळं.

वेगेटियसच्या हजारएक वर्षं आधी, इ.स.पू. ७०० च्या सुमारास, हेसिअड हा शेतकरी-कवी बोट हिवाळ्यात कशी ठेवायची ते सांगून गेला आहे. बोट वर ओढा, वाऱ्यापासून बचाव म्हणून चहूबाजूंनी दगड रचा. तळाचं बूच काढून ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी साचून लाकूड कुजणार नाही. शीड आणि दोर घरात न्या. सुकाणू चुलीच्या धुरावर टांगा. धुरात लाकूड कोरडं राहतं, कीड धरत नाही. वसंतातली पहिली फेरी कधी करावी? अंजिराच्या शेंड्याची पानं कावळ्याच्या पावलाएवढी झाली की. पण ही फेरी त्याला स्वतःला पसंत नाही. त्याचा भरवसा जूनमधल्या सर्वांत मोठ्या दिवसानंतरच्या ५० दिवसांवर.

आता 'बंद' म्हणजे कडेकोट बंद नव्हे. रोम शहराचं पोट बाहेरच्या गव्हावर चालायचं. टंचाईत चिडलेल्या जमावानं सम्राट क्लॉडियसवर पावाचे तुकडे फेकले, तेव्हा त्यानं हिवाळ्यात गहू आणणाऱ्या व्यापाऱ्यांचं वादळातलं नुकसान सरकारच्या अंगावर घेतलं. एवढी हमी दिल्यावर निघणारे निघायचेच. त्यात वाराही उफराटा: उन्हाळ्यात उत्तरेचा वारा सतत असतो, त्यामुळे इटलीहून अलेक्झांड्रियाला रिकामं गलबत दोन-तीन आठवड्यांत पोहोचायचं, गहू भरून परत येताना तोच वारा तोंडावर, मग महिना-दोन महिने. मोसमात दुसरी फेरी मारायची हाव धरली की उशीर व्हायचा आणि गलबत नेमकं हिवाळ्याच्या तोंडात सापडायचं.

अशा उशिराचं सर्वांत बारकाईचं वर्णन बायबलच्या नव्या करारात आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या २७ व्या अध्यायात पौलाला घेऊन जाणारं अलेक्झांड्रियाचं गव्हाचं गलबत, २७६ माणसांसह, क्रीटजवळ ईशान्येच्या वादळात सापडतं. खलाशी काय करतात ते क्रमानं वाचावं. मागची होडी वर ओढतात, फळ्या उसवू नयेत म्हणून गलबताला दोर आवळतात, माल आणि नंतर अवजारं समुद्रात टाकतात. चौदाव्या रात्री जमीन जवळ असल्याचा अंदाज येतो म्हणून शिशाची दोरी सोडतात: २० वाव पाणी. थोडं पुढे जाऊन पुन्हा: १५ वाव. खडकावर आपटू म्हणून मागच्या बाजूनं चार नांगर. सकाळी उरलेला गहूही टाकला, नांगर तोडले आणि बोट मुद्दाम मऊ वाळूवर घातली. बोट फुटली, माणूस एकही दगावला नाही. जाणकार माणसाच्या शेजारी बसून लिहिलेला मजकूर आहे, हे वाचताना कळतं.

गंमत अशी की हेच लोक आपल्याकडे यायचे तेव्हा हिशेब बदलायचे. लाल समुद्रातून हिंदुस्थानकडे निघायचा महिना जुलै, म्हणजे नैर्ऋत्य मोसमी वारा ऐन भरात असताना. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रीयन सी' या प्रवासपुस्तिकेचा अनामिक लेखक मान्य करतो की ही वाट धोक्याची आहे, पण अनुकूल आणि जवळची. रोमन लेखक प्लिनी लिहितो, इजिप्तच्या बंदरापासून अरबस्तानच्या टोकाशी ३० दिवस, तिथून केरळातल्या मुझिरिसला ४०. म्हणजे आपल्या किनाऱ्याला लागेपर्यंत पावसाचा जोर ओसरलेला. परत निघायचं डिसेंबरात, फार तर १३ जानेवारीच्या आत. आजची १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी ज्या दिवसांची आहे, त्या दिवसांत त्यांचीही गलबतं आपल्या किनाऱ्याजवळ फिरकत नसत. ती असायची लांब पश्चिमेला, सामान भरत.

प्रश्न (भांडुप): भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी नसते असं वाचलं. मग ग्रीक खलाशी आपल्याकडच्या खाड्यांत कसे शिरले असतील?

अजिबात नसते असं नाही, पण बहुतेक किनाऱ्यावर वीस-तीस सेंटिमीटरचा फरक. एड्रियाटिकचं उत्तर टोक आणि ट्युनिशियाजवळचं गाबेसचं आखात हे अपवाद. मुंबईत महापालिका दर पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरच्या भरतीच्या दिवसांची यादी जाहीर करते. भूमध्य समुद्रावरून आलेल्या माणसाला हा प्रकार किती अनोळखी असेल याची कल्पना करा.

पहिला मोठा धडा सिकंदराच्या आरमाराला मिळाला. इ.स.पू. ३२५ मध्ये सिंधू नदीच्या मुखाशी त्यांनी जहाजं एका फाट्यात नांगरली. ओहोटी लागली आणि सगळी जहाजं कोरड्यावर. चरित्रकार एरियन लिहितो की हे त्यांनी आधी कधी पाहिलंच नव्हतं. खरं नुकसान पाणी परत आलं तेव्हा झालं. जी जहाजं चिखलात नीट रुतून बसली होती ती अलगद वर उचलली गेली. जी कडक जमिनीवर कलंडली होती ती एकमेकांवर आदळली किंवा काठावर फेकली जाऊन फुटली. आपल्या खाडीत मचवा लावणारा कुणीही हे सांगेल: ओहोटीला बोट कशावर बसते, यावर भरतीला ती कशी उठते ते ठरतं.

इ.स.पू. ५५ मध्ये सीझरचीही ब्रिटनच्या किनाऱ्यावर हीच गत झाली. पौर्णिमेची रात्र, उधाणाची भरती, वर वादळ. वर ओढून ठेवलेल्या युद्धनौका पाण्यानं भरल्या, नांगरावरची मालवाहू जहाजं एकमेकांवर आपटली. पौर्णिमेला महासागराला मोठी भरती येते हे आमच्या माणसांना माहीत नव्हतं, असं तो स्वतःच लिहितो.

पण व्यापाऱ्यांनी हे शिकून घेतलं, आणि शिकवणारे इथलेच कोळी होते. पेरिप्लसमधलं भडोचचं (त्यांचं बारिगाझा) वर्णन म्हणजे जवळजवळ पायलटची सूचनावही आहे. किनारा सखल, म्हणून नर्मदेचं मुख लांबून सापडत नाही. उजवीकडे खडकाळ कपार. डावीकडच्या भूशिराजवळ तळ इतका धारदार की नांगराचे दोर कापले जातात. म्हणून राजाच्या नोकरीतले स्थानिक मच्छीमार त्राप्पगा आणि कोटिंबा नावाच्या मोठ्या, भरपूर वल्हेकऱ्यांच्या बोटी घेऊन थेट सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत पुढे येत आणि गलबतांना आत नेत. पद्धत अशी: भरती लागता लागता निघायचं, उथळ जागांमधून वल्हवत ओढत न्यायचं, ओहोटी लागायच्या आत ठरलेल्या खोल डोहात नांगर टाकायचा. पुढची भरती आली की पुढचा डोह. असं करत ३०० स्टेडिया, म्हणजे पन्नास-पंचावन्न किलोमीटर आत.

चूक झाली तर? तेही लिहिलंय. पाण्याच्या लोंढ्यापुढे नांगर टिकत नाहीत. गलबत आडवं फिरतं, उथळावर चढतं आणि फुटतं. लहान होड्या उलटतात. ओहोटीला बाजूच्या ओहळात कलंडलेल्या होडीला टेकू दिला नसेल तर भरतीचं पहिलंच पाणी नाळेवरून आत घुसतं. अमावास्येच्या रात्री समुद्र शांत असताना लांबून सैन्याच्या आरोळीसारखा आवाज येतो आणि मग पाणी सुसाटत उथळावरून धावतं. नर्मदेच्या मुखाशी ज्यानं हे ऐकलं असेल त्याला यात अतिशयोक्ती वाटणार नाही.

चंद्राशी संबंध ग्रीकांनी कधी जोडला? मार्सेयचा दर्यावर्दी पिथियस इ.स.पू. चौथ्या शतकातच तसं म्हणाला होता. पुढे ग्रीक तत्त्वज्ञ पोसिडोनियसनं स्पेनच्या काडिझला जाऊन रोजचा आणि महिन्याचा फेरा नीट टिपला, पण वर्षाच्या फेऱ्यासाठी स्थानिकांच्या सांगण्यावर विसंबला आणि तिथे घसरला. मला सर्वांत आवडतो तो सेल्युकस. इ.स.पू. दुसऱ्या शतकातला हा खगोलज्ञ आपल्या बाजूच्या समुद्राविषयी सांगतो: चंद्र विषुववृत्ताजवळच्या राशींत असताना दिवसाच्या दोन्ही भरत्या सारख्या असतात, तो दूर उत्तरेला किंवा दक्षिणेला गेला की असमान होतात. भरती-ओहोटीचं मुंबईचं वेळापत्रक घ्या आणि एका महिन्याच्या रोजच्या दोन्ही भरत्यांच्या उंच्या शेजारी-शेजारी मांडा. दोन हजार वर्षांपूर्वीचं हे निरीक्षण तुम्हाला पंधरा मिनिटांत तपासता येईल.

प्रश्न (कल्याण): आमच्या शहरात ग्रीक जहाजं यायची हे खरं का?

यायची, पण पेरिप्लस लिहिला गेला तेव्हा येणं अडचणीचं झालं होतं. त्यात भडोचच्या दक्षिणेला सुप्पारा (सोपारा), कल्लिएना (कल्याण) आणि सेमिला (चौल) ही बंदरं ओळीनं येतात. कल्याणविषयी म्हटलंय की थोरल्या सारगनसच्या काळात ते कायदेशीर बाजारबंदर होतं. पुढे सांदनस नावाच्या राज्यकर्त्याच्या ताब्यात गेल्यावर व्यापार अडवला गेला, आणि चुकून तिथे पोहोचलेलं ग्रीक जहाज पहारा लावून भडोचला नेलं जायचं. सारगनस म्हणजे सातवाहन राजा सातकर्णी असं बहुतेक अभ्यासक मानतात. सातवाहन आणि क्षत्रपांच्या भांडणात बंदराचा कर कोणाच्या तिजोरीत जायचा, हा यातला खरा मुद्दा. बंदर बंद पाडायला युद्ध लागत नाही, जहाजं वळवली की पुरे.

हाताला लागणारा पुरावा हवा असेल तर घारापुरीला रोमन मद्यकुंभांची खापरं सापडली आहेत. कार्ल्याच्या चैत्यातल्या खांबांवर यवन दात्यांची नावं आहेत. हे सगळे यवन जन्मानं ग्रीक होते असं मात्र धरून चालू नका. नावं बहुतेक इथलीच आहेत.

प्रश्न (ठाणे, इयत्ता नववी): सिनेमात साखळदंडानं बांधलेले गुलाम ढोलाच्या तालावर वल्ही मारतात. असंच होतं का?

नाही. बांधलेले वल्हेकरी ही पंधराव्या-सोळाव्या शतकानंतरच्या युरोपी गॅलींची गोष्ट, ती सिनेमानं उचलून रोमला चिकटवली. अथेन्सच्या त्रायरीम नावाच्या युद्धनौकेवर वल्हेकरी प्रामुख्यानं पगारी मोकळी माणसं होती, त्यात शहराचे गरीब नागरिक भरपूर. इ.स.पू. ४१५ च्या सिसिली मोहिमेत खलाशाला रोज एक द्राख्मा मिळे. गुलाम घेतले जात, पण टंचाईत. इ.स.पू. ४०६ च्या आर्गिनुसाईच्या लढाईआधी गुलामांना भरती केलं आणि बदल्यात स्वातंत्र्य दिलं.

नौका पाहा. लांबी ३७ मीटरच्या आसपास, रुंदी साडेपाच. १७० वल्हेकरी तीन थरांत: वर ६२, मध्ये ५४, खाली ५४. प्रत्येकाचं स्वतंत्र वल्हं. शिवाय सुकाणूवाला, ताल सांगणारा, बासरीसारखं वाद्य वाजवणारा, थोडे सैनिक. सगळे मिळून २००. ढोल नाही. सर्वांत खालच्या थराची वल्ही पाण्यापासून इतकी जवळ की त्या भोकांना चामड्याची बाही शिवून घ्यावी लागे, नाहीतर लाट आत. वरच्यांचा घाम आणि इतर बरंच काही खालच्यांच्या डोक्यावर यायचं. त्यावर एरिस्टोफेनिसनं नाटकात जो विनोद केलाय तो इथे छापता येणार नाही.

प्रत्येकजण आपलं वल्हं, बसायची गादी आणि वल्हं अडकवायचा चामडी पट्टा स्वतः वाहायचा. गादी चैनीची वस्तू नव्हे. माणूस पाय रेटून पुढे-मागे सरकत वल्हं ओढतो. गादी नसेल तर तासाभरात कातडी सोलवटते.

१९८७ मध्ये ग्रीसमध्ये 'ऑलिंपियास' नावाची प्रतिकृती पाण्यात सोडली. चाचण्यांत थोड्या अंतरासाठी तिनं ९ नॉट वेग गाठला. वल्हेकऱ्याला तासाला साधारण एक लिटर पाणी लागतं हेही कळलं. गुणाकार करा: १७० माणसं, आठ तास, जवळजवळ दीड टन पाणी. एवढं ठेवायला जागाच नाही. म्हणून रोज संध्याकाळी किनारा गाठणं भाग होतं. दुसरं कारण लाकूड: हलकी फळी पाणी पिते, जहाज जड होतं, आणि लाकूड पोखरणारा शिपवर्म लागतो. अथेन्सच्या पिरेअस बंदरात नौका कोरड्या ठेवायला छप्पर असलेल्या उतरत्या शेड होत्या, इ.स.पू. चौथ्या शतकाच्या नोंदींनुसार ३७२. नौका अशी वर्षानुवर्षं सांभाळायला पैसा लागतो. तो आटला की आरमार बुडण्याआधी कुजतं.

प्रश्न (चेंबूर): या लोकांना पोहता यायचं का?

ग्रीकांना बहुधा यायचं. अडाणी माणसाला 'याला ना अक्षर येतं ना पोहता' असं म्हणायची रीत प्लेटोनं नोंदवली आहे. इ.स.पू. ४८० मध्ये सलामिस बेटाजवळच्या आरमारी लढाईत ज्यांची जहाजं फुटली ते ग्रीक पोहून बेटावर गेले आणि इराणी बाजूचे पुष्कळ बुडाले, असं इतिहासकार हिरोडोटस लिहितो.

प्रश्न (माहीम कोळीवाडा): नारळी पौर्णिमेला आम्ही दर्याला नारळ देतो. त्यांची अशी काही पूजा होती का? आणि पोसायडन म्हणजे त्यांचा वरुणच ना?

दुसऱ्याचं उत्तर आधी: वरुणाशी सरळ जोडी लावू नका. पोसायडन समुद्राचा, पण तितकाच भूकंपाचा आणि घोड्यांचाही देव. त्याचा स्वभाव रागीट, आणि त्याला मनवायचं ते मुख्यतः त्यानं आपल्या वाटेला जाऊ नये म्हणून. त्याची एक ब्राँझची छोटी मूर्ती १९४० च्या दशकात कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत मिळाली. ती तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात आहे, जरूर पाहा.

निघतानाचा विधी म्हणजे समुद्राला मद्य वाहणं. इ.स.पू. ४१५ मध्ये पिरेअसहून सिसिलीला आरमार निघालं त्याचं वर्णन इतिहासकार थ्युसिडिडीसनं केलंय. माणसं चढली, सामान चढलं, कर्णा वाजला आणि शांतता झाली. प्रार्थना प्रत्येक जहाजावर वेगळी न होता एका पुकाऱ्याबरोबर सगळ्यांनी एकत्र म्हटली. मोठ्या भांड्यांत पाणी घालून मद्य कालवलेलं होतं. अधिकारी आणि सैनिकांनी सोन्या-चांदीच्या पेल्यांनी ते ओतलं. किनाऱ्यावरचे नातेवाईकही प्रार्थनेत सामील. मग ओळीनं बाहेर पडून एजिना बेटापर्यंत शर्यत. यातलं जवळजवळ कुणीही परत आलं नाही. सिकंदरानं सिंधूच्या मुखापुढे समुद्रात बैल बळी दिले आणि मद्य ओतून झाल्यावर सोन्याचा पेलाही पाण्यात टाकला.

जहाजालाही संस्कार होते. नाळेच्या दोन्ही बाजूंना डोळे. अथेन्सच्या नौकांचे संगमरवरी डोळे उत्खननात मिळाले आहेत. डोलकाठी बसवतात त्या खाचेत रोमन सुतार नाणं ठेवत. लंडनच्या ब्लॅकफ्रायर्सला सापडलेल्या जहाजात सम्राट डोमिशियनचं नाणं होतं, आणि ठेवणाऱ्यानं निवडूनच ठेवलं असणार, कारण त्याच्या मागे सुकाणू धरलेली भाग्यदेवी आहे. बोटीवर केस-नखं कापायची नाहीत, वादळात सोडून. वादळात केस कापून देवाला द्यायचे. म्हणजे शांत हवेत न्हाव्यासमोर बसलेला माणूस वादळ ओढवून घेतोय, असा हिशेब.

भीती मरणाची होतीच, पण त्याहून अग्नी-माती न मिळण्याची. होमरच्या महाकाव्यात वादळात सापडलेला नायक ओडिसियस म्हणतो, ट्रॉयला मेलो असतो तर निदान अंत्यविधी झाले असते. आर्गिनुसाईची लढाई अथेन्सनं जिंकली, तरी वादळामुळे बुडत्यांना आणि प्रेतांना उचलता आलं नाही म्हणून हाती लागलेल्या सहा सेनापतींना मृत्युदंड झाला. त्यातल्या कायद्याच्या गडबडीबद्दल शहराला पुढे पस्तावा झाला. देह न सापडलेल्यांसाठी रिकामी थडगी बांधत.

वाचलेले लोक देवळात चित्रपाट्या टांगत. त्यावरचा एक किस्सा रोमन वक्ता सिसेरोनं दिलाय. सॅमोथ्रेसला नास्तिक डायगोरसला कुणी म्हणालं, बघ, नवस फेडणाऱ्यांच्या किती पाट्या! तो म्हणाला, बुडालेल्यांनी पाट्या लावल्या नाहीत ना.

प्रश्न (परळ, सिव्हिल इंजिनिअर): रोमन काँक्रीट समुद्रात दोन हजार वर्षं टिकतं आणि आपले समुद्राकाठचे स्लॅब वीस वर्षांत पोपडे टाकतात. व्हॉट्सअॅपवर याचं 'हरवलेलं रहस्य' फिरतंय. खरं किती?

रहस्य हरवलेलं नाही, रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियसनं इ.स.पू. पहिल्या शतकात लिहून ठेवलंय. नेपल्सजवळची ज्वालामुखीची राख दोन भाग, चुना एक भाग. ओकचे खांब ठोकून, आडवे बांधून पाण्यात पेटी उभी करायची, आतला तळ साफ करायचा आणि दगडांचे तुकडे व मसाला पेटी भरेपर्यंत टाकत जायचा. पाणी उपसायची गरज नाही; मिश्रण पाण्याखालीच आवळतं. ही राख नसेल तर दुहेरी भिंतीची पेटी, मधल्या फटीत टोपल्यांतून चिकणमाती ठासायची, आणि आतलं पाणी रहाटानं उपसायचं. तिसरी पद्धत खवळलेल्या समुद्रासाठी: किनाऱ्यावर कडेच्या भिंती घालून वाळूचा ओटा करायचा, त्यावर ठोकळा ओतायचा, किमान दोन महिने वाळवायचा, मग भिंती तोडायच्या. लाटा वाळू नेतात आणि ठोकळा आपोआप समुद्रात घसरतो.

२००४ मध्ये इटलीच्या ब्रिंडिसीत संशोधकांनी यातल्या पहिल्या पद्धतीनं ८ घनमीटरचा ठोकळा पाण्यात बांधून पाहिला. मसाला वरून ओतला तर चुना धुऊन जातो, म्हणून टोपल्यांतून खाली सोडायचा. पेटीच्या फटी उघड्या राहिल्या तरी तेच.

राख खास का? तिच्यातली काच चुन्याशी संयोग पावते. २०१७ च्या एका अभ्यासानं दाखवलं की पुढे शतकानुशतकं झिरपणारं समुद्राचं पाणीच आत अॅल्युमिनियमयुक्त टोबरमोराइट आणि फिलिप्साइटचे स्फटिक घडवत राहतं. तुमच्या व्हॉट्सअॅपवरचा 'स्वतःच भेगा बुजवणारा चुना' हा २०२३ चा वेगळा अभ्यास, आणि त्याचे नमुने इटलीतल्या प्रिव्हर्नमच्या जमिनीवरच्या तटबंदीतले. फॉरवर्ड करणाऱ्यांनी दोन्ही कालवले.

आता मूळ मुद्दा. तुमचा स्लॅब काँक्रीटमुळे नव्हे, आतल्या गजामुळे फुटतो. क्षार आत शिरतात, लोखंड गंजतं, गंज फुगतो, गजावरचा काँक्रीटचा थर, म्हणजे कव्हर, उडतं. रोमन ठोकळ्यात लोखंडच नाही. बंदरांतून काढलेल्या बऱ्याच नमुन्यांची ताकद १० मेगापास्कलच्याही खाली भरते. समुद्राकाठच्या आरसीसीला आपलं प्रमाणक किमान एम-३०, म्हणजे ३० मेगापास्कल, मागतं. त्या मसाल्याची बारा मजली इमारत उभी राहणार नाही. उलट लाट अडवायला नुसतं वजन हवं असेल तिथे त्यांची पद्धत चोख. क्लॉडियसनं इ.स. ४२ मध्ये सुरू केलेल्या रोमजवळच्या पोर्तुस बंदरात दीपगृहाचा पाया म्हणून ओबेलिस्क (इजिप्तचा उंच दगडी स्तंभ) आणणारं एक प्रचंड जहाजच भरून बुडवलं होतं. आपण फ्लाय अॅश आणि स्लॅग घातलेलं सिमेंट वापरतो, ते त्या राखेचं वंशजच. इमारतीच्या दुरुस्तीत कव्हरची जाडी आणि क्युरिंग यांवर लक्ष द्या, तिथेच बहुतेक पैसे बुडतात.

प्रश्न (गोराई): रोमन लोकांचा माशांचा सॉस, गारम, घरी करता येईल का? तारली-मांदेली भरपूर मिळते.

कृती उपलब्ध आहे. 'जिओपोनिका' या बायझँटाइन संकलनातली बिथिनियाची पद्धत: लहान मासे न साफ करता घ्यायचे, एक मोडियस माशाला दोन सेक्स्टारियस मीठ, म्हणजे मापानं आठास एक. रात्रभर मुरवायचं, मातीच्या भांड्यात भरून दोन-तीन महिने उन्हात, काठीनं अधूनमधून ढवळत. मग भांड्यात दाट विणीची टोपली दाबायची. तिच्यात झिरपतं ते गारम, खाली राहतो तो गाळ अॅलेक. आतडी काढायची नाहीत, कारण मांस विरघळवणारी पाचकद्रव्यं त्यातच असतात. मीठ कमी पडलं तर ती नाही, जंतू काम करतात.

फ्लॅटमध्ये करू नका. आठास एक हे प्रमाण कमी आहे. आग्नेय आशियात तीन भाग माशाला साधारण एक भाग मीठ घालतात. तारलीसारख्या माशात उष्ण हवेत हिस्टामिन झटपट तयार होतं आणि ते उकळून जात नाही. पावसाळ्यात ऊन नाही म्हणजे तेही गेलं. वासाबद्दल सोसायटी काय म्हणेल ते वेगळंच. चव घ्यायचीच तर बाजारातला मासे आणि मीठ एवढेच घटक असलेला सॉस आणा. चार माणसांच्या डाळीला एक छोटा चमचा, उतरवताना, आणि मीठ अर्ध्यावर आणा.